खर्च शून्य? मग खळ घालतं कोण?

सुईदोरा

‘मोगरा’ यांचा लेख कालपासून माझ्या माहेरच्या, सोसायटीच्या आणि भिशीच्या अशा तिन्ही ग्रुपवर येऊन गेला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका पगारात घर चालवणाऱ्या बाईनेही बाईसारखं, नीटनेटकं दिसायलाच हवं. पार्लर नको, क्रीम नको. शिकेकाई-रिठा, मसूर डाळीचं उटणं, अंगावर सुती साडी, केसांत गजरा. ‘खर्च शून्य.’ आणि जाता जाता टोमणा, की हळदीचे डाग पडलेल्या गाऊनमध्ये दिवस काढणाऱ्यांनी काटकसरीचं नाव पुढे करू नये.

मी घरीच असते. घरातल्या घरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तेव्हा या शून्य खर्चाच्या साडीचा हिशेब माझ्याकडून ऐका.

सुती साडी सात-आठशेला मिळते, मान्य. फॉल-पिको शंभर-सव्वाशे. अस्तराचा ब्लाउज आमच्या भागात पाचशेच्या खाली कुणी शिवत नाही, मीही नाही. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवायची, नाहीतर सगळ्या बादलीला रंग. मग दर धुण्याला खळ. साबुदाणा शिजवा, गाळा, पातळ करा, साडी बुडवा, पिळायची नाही, निथळू द्यायची. साडेपाच मीटर कापड एका खोलीच्या घरात वाळत कुठे घालायचं ते लेखात सापडलं नाही. दमट असताना ओढून घडी, मग इस्त्री. बाहेर दिली तर चाळीस-पन्नास रुपये. एवढं करून ती नेसून भांडी घासा आणि संध्याकाळी निऱ्यांकडे बघा.

गजरा रोज वीस रुपयांचा धरला तरी महिन्याचे सहाशे. तेवढ्यात माझ्या घरचं महिन्याचं तेल येतं. शिकेकाईचा चुरा केसांतून काढायला दोन बादल्या जास्तीच्या, आणि आमच्याकडे पाणी टँकरचं.

मला नटायचं वावडं नाही. काठपदराची साडी नेसून हळदीकुंकवाला मीही मिरवते. पण इथे वाचतो तो पैसा, आणि जातात ते बाईचे तास, जे वहीत कुणी लिहीत नाही. काटकसर तिनेच करायची आणि ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हेही तिनेच बघायचं.

मोगरा

लेख पूर्ण वाचला असतात तर ‘रोज’ हा शब्द कुठेच दिसला नसता. असो. वाचण्याआधी चिडायची पद्धत आहे इथे.

मी गिरणगावातली. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत होते. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले एक. आईने खानावळ सुरू केली. दहा बाय बाराची खोली, पहाटे नळ, दोन साड्या. एक अंगावर, एक दोरीवर. पण पहिला जेवणारा दारात यायच्या आत तिचा अंबाडा बांधलेला, कुंकू रेखलेलं, पदर खोचलेला. हे तिने नवऱ्याला आवडावं म्हणून केलं नाही. उधारीसाठी वाण्याच्या दुकानी जाताना कुणाला तिची कीव येऊ नये म्हणून केलं. वाणी तिला ‘अहो वहिनी’ म्हणायचा. शेजारची गबाळी बाई गेली की ‘ए बाई, मागचे किती राहिले?’

त्या अंबाड्याला किती मिनिटं लागायची ते आम्ही मोजलं नाही. तुम्ही मोजा.

खडूस_काका

दोघी भगिनींना नम्र विनंती, भांडण्याआधी आकडे बघा. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या, आलता यांवर जीएसटी पहिल्या दिवसापासून शून्य. सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर. पार्लरसुद्धा १८ वरून ५. सरकारने एवढी सोय केल्यावर ‘परवडत नाही’ ही सबब उरते कुठे?

नाकतोडी

काका, आकडे अर्धेच आणलेत. त्याच २०१७ च्या यादीत टिकली शून्य आणि सॅनिटरी पॅड १२ टक्के होतं. वर्षभर बायका ओरडल्या, मग जुलै २०१८ मध्ये शून्यावर आलं. म्हणजे कपाळ सजवायला करमाफी आणि महिन्याच्या गरजेला कर. बाईने काय करावं यापेक्षा कसं दिसावं याची काळजी आधी. तुमच्याच आकड्यांनी सुईदोराचं म्हणणं पक्कं केलंत, आभार.

खडूस_काका

बायकांना काही सांगायची सोय नाही.

नाकतोडी

सांगा की. पूर्ण सांगा, एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

काऊन हो मोगराबाई, तुम्ही मे महिन्यात अकोल्याला आल्या का कधी? पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरमंदी पाणी नाही, लाइट गेलेली, आन् तुम्ही म्हंता खळ घातलेली साडी नेसा. पोळ्या लाटता लाटता ती खळ माह्या पाठीवरच वितळन. गाऊन हाये म्हणून आमच्या इकडच्या बाया उन्हाळा काढतात. डाग पडतो तर पडू द्या, हळदीचाच हाये ना बाप्पा, शेणाचा तं नाही!

ऐरोलीकर

गाऊनचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो. २०१४ मध्ये आमच्या जवळच्या गोठिवलीत महिला मंडळानेच गाऊन घालून गावात फिरायला बंदी घातली होती. दंड ५०० रुपये. बायकांनी बायकांवर लावलेला. आणि २०१८ मध्ये आंध्रातल्या तोकलपल्ली गावाने सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी बंद केली, दंड २०००, चुगली करणाऱ्याला १००० बक्षीस.

वऱ्हाडी_ठेचा

चुगलीचे हजार? आमच्या गल्लीतल्या एका काकू लखपती होतील.

सदाशिवपेठी_सून

माझं स्पष्ट मत, गाऊन घरात ठीक, पण त्यावर ओढणी टाकून दूध आणायला, दळण आणायला, मुलांच्या बसस्टॉपवर जायचं हे बघवत नाही. ओढणी टाकली की गाऊनचा ड्रेस होतो ही समजूत कुणी काढली? त्यापेक्षा पंजाबी ड्रेस घाला. धुवायला सोपा, खळ नको, इस्त्री नाही केली तरी चालतं. साडी आणि गाऊन यांच्यामध्ये जगात काही नाहीच का?

वऱ्हाडी_ठेचा

ओढणी आम्ही हौसेनं टाकतो का? लोक बघतात म्हणून टाकतो. तुमच्यासारखे.

सदाशिवपेठी_सून

‘तुमच्यासारखे’ म्हणजे काय? मी फक्त मत मांडलं.

ऐरोलीकर

गोठिवलीच्या मंडळानेही फक्त मतच मांडलं होतं. पावती पुस्तकासकट.

सुईदोरा

गाऊनवाल्यांसाठी माहिती म्हणून, तो काही अगदी फुकट नाही. तीनशे-साडेतीनशेचा सुती गाऊन घेतला तर दोन धुण्यांत आखडतो, बगलेत उसवतो, चेन पहिली जाते. माझ्याकडे महिन्याला दहा-बारा तरी गाऊन चेन बदलायला येतात. आणि खिसा नसतो. सगळ्यांत जास्त वेळ घरकाम करणाऱ्या बाईच्या कपड्याला खिसा नाही. मोबाइल ब्लाउजमध्ये, किल्ली कमरेला, सुटे पैसे मुठीत.

नाकतोडी

खिसा!! यावर वेगळा धागा हवा.

सदाशिवपेठी_सून

पंजाबी ड्रेसला शिवून घेताना खिसा लावता येतो. मी लावते. (कुणी विचारलं नाही, तरी सांगते.)

पडवळ

पुरुष असून आत शिरतोय, हलकेच घ्या. आमच्या इमारतीत रविवारी सकाळी खाली उभं राहून बघा. भोकं पडलेला बनियन आणि बर्म्युडा, त्यावर आठवड्याची दाढी, हातात दुधाची पिशवी. एकाही काकांवर लेख आलेला नाही. आमच्या गबाळेपणाला साधेपणा म्हणतात.

आणि सुईदोरांनी तासांचं म्हटलंय त्याला सरकारी आधार आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी, बाकीचे हिशेबातच नाहीत. या २८९ मध्ये खळ घालून दिसायला छान राहायचं म्हणजे...

खडूस_काका

८८ मिनिटं? कुठल्या ग्रहावरचे पुरुष? मी रोज भाजी आणतो, ती धरली का त्यात?

पडवळ

काका, भाजी आणता, निवडतं कोण?

खडूस_काका

मेथी मी निवडतो. रविवारी.

परसदार

इथे न्यू जर्सीत हल्ली फुलाफुलांचा फ्रॉक घालून घरी पाव भाजणाऱ्या गृहिणींचे व्हिडिओ फार चालतात. चेहरा तुकतुकीत, ओटा संगमरवरी, आणि म्हणे काटकसर. तो पाव दुकानातल्यापेक्षा महाग पडतो. मोगराताईंचा लेख वाचून तेच आठवलं.

मोगरा

माझ्या आईच्या खानावळीची तुलना संगमरवरी ओट्याशी केल्याबद्दल धन्यवाद. डोळे पाणावले. तिकडे थंडी फार असेल, काळजी घ्या.

निशिगंध

एवढा वेळ नुसती वाचत होते.

माझे यजमान कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा आणि मी, त्यांचं निवृत्तिवेतन नाही, विम्याचे थोडे आले ते मुलाच्या शिक्षणाला ठेवलेत. डबे करून देते. साड्या जुन्याच आहेत, सुती, आणि मला खळ घालायला आवडतं, सुईदोरा, खरंच आवडतं. हात आपसूक चालतात. तेव्हा मी नीट राहते तेही पैसे नसताना. मोगराताई, तुमच्या लेखात बसते ना मी?

पण ह्याच साड्या नेसून ते असताना बाहेर पडले की जावा म्हणायच्या, ‘कशी टापटीप असते.’ आता म्हणतात, ‘कुणासाठी?’ टिकली लावली तर बघतात, नाही लावली तर ‘बरोबर आहे’ असं तोंड करतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढलं. माझं सासर तिथून लांब नाही. परिपत्रक आमच्या ग्रामपंचायतीतही आलं असणार. हळदीकुंकवाचं बोलावणं अजून आलेलं नाही.

म्हणून विचारते, राग मानू नका. तुमचे वडील गेल्यावर आईने कुंकू लावलं का?

सदाशिवपेठी_सून

निशिगंध, हा प्रश्न जरा खाजगी झाला असं नाही का वाटत?

नाकतोडी

आईची गोष्ट इथे त्यांनीच आणली. गोष्ट अर्धी सांगायची आणि उरलेली खाजगी?

मोगरा

बाकीच्यांनी मध्ये पडू नका, मला उत्तर देता येतं.

नाही लावलं. चाळीने लावू दिलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ‘लाव’ म्हटलं नाही. अंबाडा शेवटपर्यंत घट्टच होता. वाणी ‘वहिनी’ऐवजी ‘आजी’ म्हणायला लागला. तेव्हा ती पंचेचाळिशीत होती.

पण म्हणून नीट राहणं चुकीचं ठरत नाही. ‘कुणासाठी’ विचारणाऱ्यांचं तोंड धरा, माझं का?

निशिगंध

तुमचं धरलं नाही. लेखात नवरा घरी येण्याच्या वेळी कपडे बदला असं एक वाक्य आहे. ते वाक्य माझ्या जावांच्या तोंडात फिट बसतं, एवढंच.

पडवळ

हे वाक्य मी पण वाचलं होतं आणि बायकोला दाखवायचं धाडस झालं नाही.

खडूस_काका

निशिगंध ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मूळ विषय काटकसर होता, तो आता विधवांच्या प्रश्नावर गेला. धागा भरकटवू नये.

वऱ्हाडी_ठेचा

काका, जीएसटी कोणं आणला होता?

सुईदोरा

भरकटलेला नाही. मी पैशांचा हिशेब मांडला होता, निशिगंधांनी मालकीचा मांडला. बाई स्वतःवर घालवते तो वेळ आणि पैसा तिचा आहे का, हाच मुद्दा आहे. तिचा असेल तर खळ घालू दे नाहीतर गाऊन घालू दे. लाडक्या बहिणीचे पंधराशे २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा माझ्याकडे ब्लाउज शिवायला बायका वाढल्या. त्यातल्या कितीतरी जणी म्हणाल्या, ‘घरी तीनशे सांगीन, तुम्ही विचारलं तर तेच सांगा.’ स्वतःच्या पैशांचा ब्लाउज, आणि दोनशे रुपये लपवायचे. मी खोट्या पावत्या लिहून देते, बिनदिक्कत.

खडूस_काका

ही फसवणूक आहे.

सुईदोरा

हो. नोंद घ्या.

मोगरा

हे मात्र मला माहीत होतं. आईसुद्धा खानावळीच्या पैशांतून भिशी लावायची आणि वडिलांना कळू द्यायची नाही. त्यातून तिने स्वतःला एक इरकल घेतली होती.

ठीक आहे. ‘खर्च शून्य’ काढते. त्या जागी ‘पैशांचा खर्च कमी, वेळ लागतो’ असं लिहिते, म्हणजे सुईदोराबाईंना झोप लागेल. नवऱ्याच्या वाक्याचा विचार करते. गाऊनचं वाक्य राहील. तो मला दिसायला आवडत नाही, आणि न आवडण्याचा हक्क मलाही आहे.

सुईदोरा

हक्क आहेच. किती वेळ लागतो तेही लिहा मग. साडीला एक तास, शिकेकाईला अर्धा.

मोगरा

साडीला एक तास तुम्हाला लागत असेल. मी साबुदाणा नाही, भाताची पेज वापरते. तीही आयती.

निशिगंध

पेजेने गडद साडीवर पांढरे चट्टे येतात.

मोगरा

गाळली नाही तर येतात. गाळून बघा.

सदाशिवपेठी_सून

पेज घातलेल्या साड्या कपाटात ठेवल्या की झुरळं होतात, हे कुणीच कसं म्हणत नाही? आणि मी पुन्हा सांगते, पंजाबी ड्रेसला...

वऱ्हाडी_ठेचा

सुईदोराताई, हे चालू द्या. माह्या दोन गाऊनला खिसे लावून पाठवता का? कुरिअर करतो. मोबाइल मावला पाहिजे, मोठा हाये.

सुईदोरा

पाठवा. उजव्या बाजूला, शिवणीत लावते, म्हणजे लोंबणार नाही. एका खिशाचे चाळीस. घरी वीस सांगायचे असतील तर आधीच कळवा.