कोणतं स्वातंत्र्य मूलभूत हक्क ठरतं?

प्रश्न: बोलणं हे स्वातंत्र्य, तसं घोड्यावर बसून फिरणंही. मग मूलभूत हक्क कशाला म्हणायचं? घटनेच्या यादीत नाव हवंच का?

उत्तर १: नाव नसलं तरी चालतं. साध्या बहुमताने केलेल्या कायद्यापासूनही ते सुरक्षित आहे का, हे पाहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये यादीबाहेरच्या हक्कांना दोन अटी घातल्या: परंपरेत खोल रुजलेली मुळं आणि हक्काचं काटेकोर वर्णन. घोळ होतो तो दुसरीत. वर्णन फार अरुंद केलं की परंपरा सापडतच नाही!

उत्तर २: घोड्याचा वाद जर्मनीत खरंच झालाय. १९८९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने जंगलातली घोडेस्वारीही जर्मन घटनेच्या कलम २(१) च्या (व्यक्तिमत्त्वाच्या मुक्त विकासाचा हक्क) संरक्षणात धरली, पण ती ठरावीक वाटांपुरती ठेवणारा निर्बंध वैध ठरवला. म्हणजे दार रुंद, चाळणी आत: हक्क सहज मान्य होतो, पण निर्बंधाला चार प्रश्न विचारले जातात. हेतू वैध आहे का? उपाय उपयोगी आहे का? कमी जाचक मार्ग होता का? फायद्याच्या मानाने जाच जास्त आहे का? तिसऱ्या प्रश्नाला नुसतं 'अन्याय होतो' म्हणून भागत नाही, पर्याय दाखवावा लागतो.

उत्तर ३: सगळेच हक्क असे तोलले जात नाहीत. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार छळबंदी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही (कलम ४).