स्वतःचा पासवर्ड देऊ नका, वेगळा युजर काढा
वर्डप्रेसवर (वेबसाईट चालवायचं सॉफ्टवेअर) बनवलेल्या साईटच्या कामासाठी डेव्हलपरला चार दिवसांपुरतं लॉगिन कसं द्यायचं असं एकानं विचारलंय, तर दादा, स्वतःचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात पाठवू नका. आमची सांगलीत हळदीच्या दुकानाची वर्डप्रेस साईट आहे, मागं एकाला मेन लॉगिन दिलं आणि काम संपल्यावरपण ते वर्षभर तसंच चालू राहिलं, कळलं तेव्हा पोटात गोळाच आला. आता त्याच्या ईमेलवर वेगळा युजर काढतो, नुसते लेख-फोटो टाकायचे तर एडिटर रोल (म्हणजे फक्त मजकुराचे अधिकार) पुरतो, प्लगिनचं (साईटला जोडायच्या जादा सोयीचं) काम असेल तरच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे सगळे अधिकार, तेपण आधी बॅकअप घेऊन. काम झालं की त्याच दिवशी युजर डिलीट, फक्त तेव्हा त्याचा मजकूर कुणाच्या नावावर करायचा ते वर्डप्रेस विचारतं, तिथं स्वतःचं नाव निवडा नायतर त्यानं बनवलेली पानंपण जातात. आणि त्यानं अजून एखादा युजर काढून ठेवलाय का तेही यादीत बघाच.