मदत हवी आहे: न्यूट्रोफिल ८८ टक्के, इन्फेक्शन की स्टेरॉइडमुळे?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. बाबांना दम्याचा जुना त्रास आहे, या वेळी जास्त वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, आणि आता रक्ताच्या रिपोर्टमध्ये टोटल काउंट (पांढऱ्या पेशी) १६,४०० नं न्यूट्रोफिल (त्यातल्याच, जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ८८ टक्के. ताप नाही पण खोकला आहे, घरात सगळेच टेन्शनमध्ये येऊन राहिले.

मी वाचलं की नॉर्मल ४० ते ७० टक्के असतात, आणि बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं की बोनमॅरो (हाडांच्या आतला मगज, जिथं रक्तपेशी तयार होतात) घाईघाईनं कच्च्या पेशीसुद्धा रक्तात सोडते, त्यांना बँड सेल म्हणतात. पण स्टेरॉइडनंही काउंट वाढतो म्हणे, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात, मग नुसत्या आकड्यावरून ओळखायचं कसं? मला तरी वाटते की स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करायची घाई नको, पण छातीचा आजार आहे, उशीरही नको ना.

कोणी पॅथॉलॉजीवाले असाल तर प्लीज सांगा, बँड सेल बघणं, की सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन (सूज-इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या टेस्ट), यातलं आधी काय करावं? परवा डॉक्टरांकडे जायचं आहे, त्यांना नेमकं काय विचारू? आणि नागपुरात स्मिअर मशीनवर न सोडता स्वतः मायक्रोस्कोपखाली बघणारी लॅब माहीत असेल तर तेही कळवा.