अनुभव धागा : जुन्या थ्रीडी गेमांतला कॅमेरा कसा आवरायचा?

तापीकाठ : भाच्याने काल मोबाईलवर 'सुपर मारिओ ६४' लावला. दोन मिनिटांत बोंब, "मामा, हा सरळ का चालत नाही?" चालतो रे, पण कॅमेरा वळला की स्टिकचं 'वर'सुद्धा वळतं. १९९६ चा, निन्टेन्डो ६४ या गेमयंत्रावरचा गेम आहे. अरुंद फळी आली की थांबायचं, सी-डावं नाहीतर सी-उजवं (कॅमेरा फिरवायची बटणं) दाबून कॅमेरा पाठीमागे आणायचा, मग स्टिक सरळ वर. उडी हवेत असताना कॅमेरा फिरवला की गेला खाली. तुमच्या युक्त्या टाका.

धुळेकर : आर बटण विसरला का भो? आर दाबला की लाकिटू (ढगावर बसून लांबून कॅमेरा धरणारा) जातो आणि मारिओच्या पाठीला चिकटलेला कॅमेरा येतो. पॉजमध्ये आरचा 'फिक्स्ड' पर्याय घेतला तर आर धरून आहे तोवर कॅमेरा जागचा हलत नाही. सी दाबल्यावर नकाराचा आवाज आला तर तिकडे फिरायला जागा नाही. बटण बडवू नका, मारिओला दोन पावलं मोकळ्यात आणा.

केळीबाग : प्लेस्टेशनवाले पण आहेत इथं 😄 पहिल्या 'स्पायरो'त कॅमेरा एल२-आर२ बटणांनी फिरतो. गरगरत असेल तर ऑप्शन्समध्ये अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करा. जुन्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये कॅमेरा फिरवायचाच नसतो, मागची खोली म्हणजे आधीच काढून ठेवलेलं चित्र. म्हणून 'वर' म्हणजे गड्याचं तोंड असेल तिकडे. कोन बदलला तरी बोट उचलू नका. लोक या चालवण्याला रणगाडा (टँक कंट्रोल) म्हणून उगाच शिव्या घालतात.

धुळेकर : तुन्हं बरोबर शे. पण वळायला जीव जातो ना!

यावल रोड : 'ऑकारिना ऑफ टाइम', १९९८. समोर शत्रू नसला तरी झेड बटण दाबा, कॅमेरा पाठीमागे येतो. बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

रिपेरवाला : कॅमेरा ठीक आहे, मारिओ आपोआप चालतोय, असं असेल तर स्टिक बघा. निन्टेन्डो ६४ चालू करताना स्टिकला बोट नको. तेव्हा ती जिथं असेल तेच मधलं धरलं जातं. चुकलं तर स्टिक सोडून एल, आर, स्टार्ट एकदम दाबा. बुडाशी पांढरी पूड दिसली तर आतली प्लास्टिकची वाटी झिजतेय. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या धुळीने ते आणखी वाढतं. उघडा, कोरड्या ब्रशने पूड काढा. खोबरेल बिलकूल नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

केळीबाग : रविवारी भरीत आहे, कंट्रोलर घेऊन या.

तापीकाठ : वांगी बामणोदची का असोद्याची?

रिपेरवाला : कुठलीही आणा, हात धुऊन स्टिक धरा.