३-० वरून ४-५: व्हेगसच्या त्या सातव्या सामन्याचा हिशोब नीट मांडायचा आहे

सोनेरी_चिलखत:
२३ एप्रिल २०१९, सॅन होजे, एनएचएल आइस हॉकीच्या प्लेऑफमधल्या पहिल्या फेरीचा सातवा सामना, समोर सॅन होजे शार्क्स. व्हेगस गोल्डन नाईट्सचा चाहता म्हणून तो पराभव अजूनही पचत नाही. आधी मालिकेत ३-१ अशी आघाडी गेली, मग या सामन्यात ३-० अशी. तिसऱ्या पीरियडमध्ये ९:१३ ला आमच्या कोडी ईकिनला क्रॉस-चेकिंगसाठी (दोन्ही हातांत धरलेल्या काठीने ढकलणं) मेजर, म्हणजे पाच मिनिटांची पेनल्टी मिळाली आणि त्या एकाच पॉवर प्लेवर (समोरचा एक खेळाडू कमी असतानाचा खेळ) शार्क्सनी चार गोल केले. दोन प्रश्न आहेत. पेनल्टी दोनच मिनिटांची असती तर काय झालं असतं? आणि पाच मिनिटांची मिळालीच होती, तर बचावात नेमकं काय चुकलं?

निळीरेषा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर घड्याळच देतं. मायनर, म्हणजे दोन मिनिटांची पेनल्टी समोरच्या संघाने गोल केला की तिथेच संपते. मेजरमध्ये कितीही गोल होवोत, खेळाडू पूर्ण पाच मिनिटं बाहेर. शार्क्सच्या लोगन कूचरचा पहिला गोल ९:२० ला झाला. मायनर असती तर सातव्या सेकंदाला पेनल्टी संपली असती: ३-१, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि साडेदहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ. पुढचं कुणी सांगू शकत नाही, पण १०:०९ ला हर्टल, १२:५३ ला पुन्हा कूचर आणि १३:२१ ला लबांक, हे तिन्ही गोल शार्क्सना एक खेळाडू जास्त असताना मिळाले नसते.

निर्णयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फेस-ऑफनंतर (दोन खेळाडूंमध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणं) ईकिनने शार्क्सच्या पावेल्स्कीच्या छातीवर काठी मारून त्याला ढकललं, तोल जात असताना व्हेगसच्याच स्टॅस्नीचा धक्का लागला आणि पावेल्स्की डोक्यावर आपटला. दुखापत भयंकर होती, रक्त दिसत होतं. पण मेजर ठरवताना बघायची ती फटक्याची तीव्रता. तो फटका दोन मिनिटांचाच होता. त्या उन्हाळ्यात लीगने नियम बदलला: मारामारी सोडून इतर मेजर दिली की रेफरी व्हिडिओ पाहून ती कायम ठेवू शकतो किंवा मायनरवर आणू शकतो. त्या रात्री ही सोय नव्हती.

चौकोनी_बचाव:
नियमाचं पटलं, पण दुसऱ्या प्रश्नाला बगल देऊ नका. माझ्या मते सामना ९:२० ते १०:०९ या एकोणपन्नास सेकंदांत फिरला. गोल झाला की फेस-ऑफ मध्यावर होतो. म्हणजे शार्क्सना पक पुन्हा व्हेगसच्या निळ्या रेषेच्या (बचाव क्षेत्राची हद्द) आत आणायचा होता, जागा पकडायची होती आणि मग शॉट. हे सगळं एकोणपन्नास सेकंदांत होत असेल, तर बचाव निळ्या रेषेवर नीट उभा राहिला नाही. तिथे दोघांनी आडवं येऊन पक कोपऱ्यात टाकायला लावायचा असतो. तेवढ्यानेच दहा-पंधरा सेकंद खर्ची पडतात.

दुसरी गोष्ट पक बाहेर काढण्याची. खेळाडू कमी असताना पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावला तरी आइसिंगची (पक असा लांब भिरकावल्याबद्दल खेळ थांबवण्याची) शिट्टी होत नाही, आणि त्याच वेळात चौघे बदलता येतात. तीस-चाळीस सेकंदांवर पाय जड होतात, चौघांचा चौकोन आकसून गोलपुढे गोळा होतो, गोलरक्षक फ्लोरीला पक दिसेनासा होतो आणि सर्कलवरून शॉट मारणारा मोकळा सुटतो. लबांकचा त्या पॉवर प्लेवर एक गोल आणि तीन असिस्ट. चारही गोलांत ज्याचा हात आहे, त्याच्यावर एक माणूस सतत हवा होता, मग बाकीचे तिघे त्रिकोणात खेळले असते तरी चाललं असतं.

सोनेरी_चिलखत:
१०:०९ ते १२:५३ म्हणजे २:४४ मिनिटं संघ टिकला, हे मात्र लक्षात घ्या. अख्ख्या मायनरपेक्षा जास्त वेळ. आणि ४-३ ने मागे पडल्यावर ४७ सेकंद उरले असताना मार्शेसोने बरोबरी साधली. या संघाने हार मानली नव्हती, म्हणूनच जास्त लागतं.

निळीरेषा:
तो गोल मलाही आवडतो. त्यामुळे ओव्हरटाइमचंही बोलायला हवं, कारण तिथे दोन्ही संघांना समान संधी होती. बाजू बदलल्यामुळे पहिल्या ओव्हरटाइममध्ये आपला बचाव बेंचपासून लांब पडतो, थकलेल्या बचावपटूंना बदलायला अंतर जास्त. शार्क्सच्या गुड्रोचा विजयी गोल १८:१९ ला आला. तो ओव्हरटाइममध्ये जवळपास बसूनच होता, त्यामुळे पाय ताजे. एरिक कार्लसनचा पास घेऊन तो बाहेरून वळसा घालून आत शिरला आणि दमलेला बचाव मागे राहिला. चौथ्या फळीला (एरवी कमी खेळणाऱ्या आक्रमकांना) अधूनमधून बर्फावर उतरवायचं ते यासाठीच.

चौकोनी_बचाव:
बरोबर. आणि लबांकच्या गोलनंतरही पेनल्टीची ५२ सेकंदं बाकी होती. ती व्हेगसने गोल न खाता काढली, तीही चर्चेत यायला हवीत. त्या ५२ सेकंदांचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर बघा, चौघे कुठे उभे होते ते त्या एकोणपन्नास सेकंदांशी ताडून पाहता येईल.