मदत हवी आहे: विद्राव्य ट्रेम-२ वाढलेले दिसले तर त्याचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार.

माझे शिक्षण संख्याशास्त्राचे असून तीन महिन्यांपूर्वी मी एका वैद्यकीय संशोधकांच्या प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून रुजू झालो. मेंदूतील प्रतिकारपेशी जे रासायनिक संदेश देतात त्यांचा माग सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, आणि रक्तात कितपत लागतो, तसेच त्यावरून अल्झायमरची वाटचाल ओळखता येते का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. नमुने तपासायला घेण्यापूर्वी विश्लेषणाचा आराखडा लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक मोजमापापुढे अपेक्षित दिशा, अधिक किंवा उणे, आधीच नोंदवायची असा आमचा नियम आहे, म्हणजे निकाल हाती आल्यावर सोयीचे स्पष्टीकरण रचता येत नाही. बाकीचे रकाने भरून झाले आहेत. विद्राव्य ट्रेम-२ च्या रकान्यात मात्र दोन आठवडे प्रश्नचिन्हच आहे.

मला समजले आहे ते असे. ट्रेम-२ हे मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशी, यांच्या पृष्ठभागावरील ग्राही (संदेश टिपणारे) प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील आर४७एच या बदलामुळे अल्झायमरचा धोका साधारण दोन ते चार पट वाढतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवले. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर नासू-हाकोला हा दुर्मिळ आजार होतो, ज्यात हाडांत पोकळ्या पडतात आणि तरुण वयातच स्मृतिभ्रंश सुरू होतो. म्हणजे ट्रेम-२ चे काम नीट चालणे मेंदूच्या हिताचे आहे, इथपर्यंत शंका नाही.

अडचण पुढे आहे. या ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग ॲडॅम-१० आणि ॲडॅम-१७ ही विकरे कापतात, तो तुकडा सीएसएफमध्ये उतरतो आणि विद्राव्य ट्रेम-२ म्हणून आपण मोजतो तो हाच तुकडा. तो वाढला याचा अर्थ मायक्रोग्लिया जास्त सक्रिय झाल्या असा होऊ शकतो, ग्राहीच मुळात जास्त तयार होत आहे असाही होऊ शकतो, किंवा ग्राही कापला जाऊन पेशीवर कमी उरला आहे असाही होऊ शकतो. यांतील पहिले दोन अर्थ आणि तिसरा अर्थ तर परस्परविरोधीच आहेत. लक्षणे नुकती दिसू लागलेल्या रुग्णांत हे प्रमाण वाढलेले आढळते, आणि तरीही ज्यांच्यात ते अधिक असते त्यांची स्मृती सावकाश घसरते असेही काही अभ्यासांत दिसले आहे. मग मी अधिक लिहावे की उणे?

जोडून दोन प्रश्न आहेत. सीएसएफ काढण्यासाठी कमरेत सुई घालावी लागते, म्हणून संशोधकांना शक्य तितकी मोजमापे रक्तातून हवी आहेत. पण ट्रेम-२ रक्तातील मोनोसाइट वंशाच्या पांढऱ्या पेशींवरही असते, आणि आयएल-६ सारखे संदेशवाहक तर हिरड्यांच्या सुजेनेही वाढतात. मग रक्तातील आकडा मेंदूविषयी बोलतो असे कशावरून म्हणावे? दुसरे म्हणजे, जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइट या मेंदूतील आधारपेशींच्या सांगाड्याचे प्रथिन आहे, तरी अल्झायमरच्या २०२४ च्या सुधारित निकषांत ते दाहाच्या गटात ठेवलेले आहे. ते माझ्या तक्त्यातील ‘प्रतिकारसंदेश’ या मथळ्याखाली ठेवणे योग्य होईल का? मला ते थोडे ओढूनताणून वाटते.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपला प्रश्नचिन्हाचा रकाना चुकीचा नाही. चुकीची आहे ती एका आकड्याला एकच चिन्ह देण्याची अट. मी काही वर्षे सीएसएफच्या मोजमापांवर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आर४७एच बदल असलेल्या व्यक्तींचेच उदाहरण घ्या. त्यांच्यात ग्राही ज्या रेणूंना चिकटायला हवा त्यांना नीट चिकटत नाही, म्हणजे काम कमी होते, पण सीएसएफमधील विद्राव्य ट्रेम-२ कमी नसून उलट वाढलेले नोंदवले गेले आहे. नासू-हाकोलाला कारण ठरणाऱ्या काही बदलांत मात्र ग्राही पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही, आणि विद्राव्य तुकडा जवळजवळ सापडत नाही. दोन्हीकडे काम बिघडलेले आणि आकडे विरुद्ध टोकांना. तेव्हा या आकड्यावरून ग्राहीचे काम कसे चालले आहे हे ठरवू नये.

दिशेविषयी सर्वांत भरवशाचा पुरावा मला जनुकांतून आलेला वाटतो. एमएस४ए या जनुकसमूहातील एका बदलामुळे विद्राव्य ट्रेम-२ जन्मापासूनच थोडे अधिक राहते, आणि त्या व्यक्तींना अल्झायमरचा धोका कमी असतो. शेजारच्या दुसऱ्या बदलात दोन्ही गोष्टी उलट होतात. हा आजाराचा परिणाम असू शकत नाही, कारण जनुक आजाराच्या कितीतरी आधी ठरलेले असते. म्हणून माझी सूचना अशी की, आराखड्यात दोन वेगळी विधाने लिहावीत. एक, आजाराच्या टप्प्यानुसार प्रमाण बदलेल, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या दोन प्रथिनांपैकी ते अमायलॉइडपेक्षा टाऊशी अधिक जुळेल. दोन, वय व पी-टाऊ १८१ (टाऊचे फॉस्फेट जोडलेले एक रूप) यांचा प्रभाव वजा केल्यावर ज्यांच्यात ते अपेक्षेपेक्षा अधिक उरेल त्यांची घसरण मंद असेल. दुसरे विधान लिहिताना हात आखडता ठेवा. ट्रेम-२ ला चेतवणाऱ्या एका प्रतिपिंडाची चाचणी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अपयशी ठरली. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये घसरण त्याने मंदावली नाही.

रक्ताविषयी: विद्राव्य ट्रेम-२ रक्तातून मोजून मेंदूविषयी निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयएल-६ घ्यायचेच असेल तर त्याच दिवशीचे सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) आणि सीएसएफ-रक्त अल्ब्युमिन गुणोत्तर सोबत हवे. अल्ब्युमिन यकृतात तयार होते, मेंदूत नाही. ते सीएसएफमध्ये जास्त दिसले तर रक्त-मेंदू अडथळा सैल झाला असावा आणि बाकीची प्रथिनेही रक्तातूनच झिरपली असावीत, असा संशय घेता येतो.

जीएफएपीसाठी ‘ॲस्ट्रोसाइट प्रतिक्रिया’ असा स्वतंत्र मथळा करा. त्याचे गंमतशीर वैशिष्ट्य असे की अमायलॉइडची चाहूल ते सीएसएफपेक्षा रक्तात अधिक स्पष्ट देते. पण डोक्याला मार लागल्यावरही ते वाढते, इतके की २०१८ पासून अमेरिकेत मेंदूच्या दुखापतीच्या रक्तचाचणीत त्याला मान्यता आहे. प्रश्नावलीत अलीकडे पडल्याची नोंद आहे ना, ते पाहून घ्या.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी सांगतो. सर्व रुग्णांचे नमुने एका प्लेटवर (अनेक नमुने एकत्र मोजण्याच्या ताटलीवर) आणि सर्व निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या प्लेटवर असे कधीही मोजू देऊ नका. त्या एका चुकीपायी संपूर्ण तुकडी फेकावी लागलेली मी पाहिली आहे. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या आहेत याचीही खात्री करा, कारण अमायलॉइड इतर प्लास्टिकच्या भिंतींना चिकटून बसते आणि आकडा खोटा उतरतो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. दोन विधानांची मांडणी संशोधकांना दाखवली. त्यांनी ती स्वीकारली आणि दुसऱ्या विधानाला ‘शोधात्मक’ अशी खूण करायला सांगितली. रक्तातील विद्राव्य ट्रेम-२ आराखड्यातून काढले आहे. अल्ब्युमिनची मोजमापे जुन्या नोंदींत होतीच, ती कोणी जोडली नव्हती.

नळ्या पाहायला शीतकपाटापर्यंत गेलो, तेव्हा एक नवी शंका निर्माण झाली. सीएसएफ पाण्यासारखा नितळ असायला हवा, पण उणे ८० अंशांवर ठेवलेल्या सात नळ्यांतील बर्फावर फिकट गुलाबी छटा आहे, म्हणजे सुई टोचताना रक्त मिसळले असणार. त्यांची रक्तपेशींची मोजणी झालेली दिसत नाही, आणि गोठवण्यापूर्वी त्या अपकेंद्री यंत्रात फिरवल्या होत्या की नाही याचीही नोंद नाही. या सात नमुन्यांना सरसकट वगळावे, की हिमोग्लोबिन मोजून मग ठरवावे?

प्रतिसाद

हिमोग्लोबिन मोजा, आणि कोणत्या पातळीपुढे वगळायचे ते ट्रेम-२ चे आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा. पेशी काढून टाकण्याआधीच नमुना गोठवला असेल तर त्या फुटून त्यांच्यातील प्रथिने द्रवात उतरलेली असतात. अशा नळ्या नंतर कितीही फिरवल्या तरी उपयोग होत नाही.