मदत हवी आहे : डेंग्यूनंतर आईचं चालणं-खाणं पुन्हा मार्गी कसं लावायचं?

पाणवठा

आई ६१ वर्षांची. वजन ५८ किलो, आजारपणाआधी ६२ होतं. मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ चालू आहे. डेंग्यूमुळे अॅडमिट करावं लागलं होतं. ताप जाऊन पाच आठवडे झाले, प्लेटलेट १ लाख ९० हजार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) नॉर्मल. "हळूहळू सुरू करा" एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय.

पूर्वी ती रोज पाच किलोमीटर चालायची, गोड जवळपास बंद होतं, रात्रीचं जेवण लवकर. आता दोन जिने चढली की दम लागतो आणि जमिनीवर बसली तर उठायला हात द्यावा लागतो. मागच्या आठवड्यात हट्टाने पूर्ण पाच किलोमीटर चालून आली आणि पुढचे दोन दिवस पडून होती. खाणं म्हणजे पेज, मऊ खिचडी, चहा-बिस्किटं, "ताकदीसाठी" ग्लुकोजचं पाणी आणि उरलेला फराळ. उपाशीपोटी साखर १५०-१६०, जेवणानंतर २३०च्या पुढे. "आता काही पूर्वीसारखं होत नाही" असं म्हणून तिने सगळंच सोडून दिलंय.

चालणं कितीपासून सुरू करावं? प्रोटीन किती हवं आणि घरच्या जेवणातून ते कसं बसवायचं? अंडी खाते, मांस-मासे नाही. काही तपासण्या करून घ्याव्यात का?

रानजाई

आधी तपासण्यांचं सांगते. सीबीसी (हिमोग्लोबिन बघण्यासाठी), एसजीपीटी, बी१२, व्हिटॅमिन डी आणि टीएसएच (थायरॉईडसाठी). डेंग्यूत यकृताला सूज येते, त्यामुळे एसजीपीटी पूर्ववत झालंय का ते बघायचं. बी१२ अशासाठी की वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ते कमी होतं, आणि त्याचा थकवा आजारपणाच्या थकव्यात लपून जातो. एचबीए१सी आत्ता करू नका. त्यात साधारण तीन महिन्यांची साखर दिसते, म्हणजे तापाचे आणि सलाईनचे दिवसही धरले जातील. आकडा बघून काकू आणखी खचतील.

चालताना छातीत दुखणं, धडधड, चक्कर, पायांवर सूज, आडवं झाल्यावर धाप, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून आधी ईसीजी. डेंग्यूत क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, म्हणून हे अंगावर काढायचं नाही.

सांधेजोड

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. काकूंचं चुकलं ते पाच किलोमीटर चालल्यामुळे नाही, आजारपणाआधीच्या आकड्यापासून सुरुवात केल्यामुळे. अंथरुणात पडून राहिलं की सगळ्यात आधी मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू उतरतात. जिन्यावर दम लागणं आणि जमिनीवरून उठता न येणं, दोन्हींचं मोठं कारण तेच. सपाट रस्त्यावर कितीही चाललं तरी ती ताकद भरून येत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा : आधी पायांची ताकद, मग अंतर.

आजची पातळी मोजून घ्या. हात नसलेली, सुमारे १७ इंच उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. काकूंनी हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं किती वेळा होतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांमध्ये १२ पेक्षा कमी आलं तर पायांची ताकद कमी समजतात. सहा आले काय, आठ आले काय, तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा लवकर हलतो, आणि खचलेल्या माणसाला लवकर हलणारं काहीतरी दिसायला हवं.

मग एक दिवसाआड हे चार व्यायाम :

खुर्चीवरून उठणं-बसणं, ६ वेळा, दोन फेऱ्या. उठताना श्वास सोडायचा, बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं. या सावकाश खाली येण्यातही ताकद तयार होते, आणि बहुतेक जण तिथेच धपकन बसतात. गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे लांब ठेवायला सांगा. अजिबात जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, पण हाताने ओढून उठवू नका.

ओट्याला धरून टाचा उचलणं, १० वेळा, दोन फेऱ्या.

भिंतीला हात टेकून दंड, ६ ते ८ वेळा. पाय भिंतीपासून हातभर लांब.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढ-उतार, कठडा धरून, प्रत्येक पायाने ५ वेळा.

दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं. श्वास रोखून जोर लावायचा नाही, रक्तदाब चढतो. खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या १२ वेळा दोन फेऱ्या सहज जमू लागल्या की छातीशी एक लिटर पाण्याची बाटली धरायची, म्हणजे एक किलो वजन झालं.

चालणं रोज, पण तुकड्यांत : तिन्ही जेवणांनंतर ८-८ मिनिटं. घरातल्या घरात किंवा गच्चीवर चाललं तरी चालेल. जेवणानंतरची साखर खाली आणायला सकाळच्या एका लांब फेरीपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक तुकड्यात दोन मिनिटं वाढवा.

वाढवायचं की नाही हे त्या दिवशीच्या उत्साहावरून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. उठल्यावर अंग नेहमीपेक्षा जड वाटलं, किंवा रात्रभर झोपूनही थकवा उतरला नाही, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. तेव्हा निम्म्यावर यायचं, बंद करायचं नाही. मोठी फेरी, मग पडून राहणं, मग अपराधीपणातून आणखी मोठी फेरी, या चक्रात महिने जातात.

सूर्यनमस्कार सध्या नकोत. खाली वाकून वर येताना चक्कर येऊ शकते. जमिनीवरून आधाराशिवाय उठता आलं की मग सुरू करू.

ज्वारीची_कणसं

खाण्याबद्दल. पहिली गोष्ट, ग्लुकोजचं पाणी आजच बंद. दोन मोठे चमचे म्हणजे २५-३० ग्रॅम निव्वळ साखर. त्याने ताकद येत नाही, फक्त मीटर वर जातो. ओआरएस चालू असेल तर तेही बंद करा. ते तापात, उलट्या-जुलाबात द्यायचं असतं. लिटरमागे त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं.

मूत्रपिंडं ठीक असलेल्या साठीपुढच्या माणसाला आजारातून उठताना किलोमागे किमान १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन धरतात. काकूंसाठी दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम. पेज-खिचडीवर यातलं निम्मंही पोटात जात नाही. वाटीभर पेजेत दोन ग्रॅमसुद्धा नसतं. आपल्या पातळ वरणाचंही तसंच आहे : वाटीत डाळ १५ ग्रॅम, बाकी पाणी. तेच घट्ट केलं, माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ धरून, की सात ग्रॅमच्या आसपास मिळतं.

एक दिवस असा बसतो :

सकाळी दोन अंडी आणि एक छोटी भाकरी. अंडी नको असतील त्या दिवशी ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून दोन धिरडी.
दुपारी एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ किंवा घट्ट वरण, भरपूर भाजी, दीडशे ग्रॅम दही.
चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि ३० ग्रॅम फुटाणे. बिस्किटांची जागा फुटाण्यांना द्या, चहा तोडू नका.
रात्री एक पोळी, भाजी, ७५ ग्रॅम पनीर किंवा २५ ग्रॅम (कोरडे असताना) सोयाबीनच्या वड्या.
झोपताना २०० मिली दूध.

हे साधारण साठ ग्रॅम होतं. एकदम सगळं नका बदलू, भूक अजून परतलेली नसेल. पहिला आठवडा फक्त सकाळची न्याहारी आणि चारचे फुटाणे. दुसऱ्या आठवड्यात दही आणि रात्रीचं पनीर. कडधान्यांनी पोट फुगत असेल तर आठ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कुकरमध्ये चांगली मऊ शिजवा. मोड आलेली कच्ची सध्या नकोत.

ताटात क्रम बदलला तरी फरक पडतो : आधी भाजी आणि उसळ, भाकरी शेवटी. साखर सावकाश चढते.

फराळाचं म्हणाल तर उरलेला वाटून टाका. आणि फराळ खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण कमी करू देऊ नका. उतरलेलं चार किलो वजन ही कमाई नाही, त्यात स्नायूही गेलाय.

रानजाई

यात एक भर. खाण्यातली साखर कमी आणि हालचाल जास्त झाली की ग्लिमेपिराइडमुळे साखर एकदम खाली येऊ शकते, विशेषतः दुपारच्या जेवणाआधी. घाम, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं वाटणं दिसलं तर मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी हवीच. पहिले दोन आठवडे जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशा जोडीने नोंदी ठेवा आणि त्या डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस तेच बदलतील.

फिरताना पूर्ण बाह्या आणि पायमोजे घालू द्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराने पुन्हा झाला तर आजार गंभीर व्हायची शक्यता जास्त असते.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. खुर्चीची चाचणी घेतली, सात आले. आकडा लिहून ठेवल्यावर आई स्वतःच म्हणाली, पंधरा दिवसांनी बघू. आणखी दोन शंका. केस मूठमूठ गळतायत, त्यासाठी बायोटिन द्यावं का? आणि मार्गशीर्षातले गुरुवार ती कडक करते, रात्री नैवेद्य झाल्यावरच जेवते. या वर्षी काय करावं?

रानजाई

मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, कधी त्याआधीही सुरुवात होते. मुळं शाबूत असतात, साधारण सहा महिन्यांत गळणं थांबतं. प्रोटीन आणि हिमोग्लोबिन सांभाळा. बायोटिन स्वतःहून सुरू करू नका, त्याने थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. टीएसएच करायची आहेच.

ज्वारीची_कणसं

गुरुवारचं. ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर निर्जळ किंवा नुसत्या चहावर राहणं धोक्याचं आहे. पहिल्या गुरुवारच्या आधी डॉक्टरांना विचारा की त्या सकाळची गोळी घ्यायची की नाही. घरी ठरवू नका. काकूंना पूजा, कहाणी, नैवेद्य सगळं करू द्या, फक्त पोट रिकामं ठेवू नका. सकाळी दूध आणि राजगिऱ्याची छोटी भाकरी. दुपारी दाण्याची आमटी (३० ग्रॅम दाणे), वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर. साबुदाणा पूर्ण टाळा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. भगर घेतलीच तर अर्धी वाटी, आमटीबरोबर. नैवेद्याची खीर एक चमचा, जेवणाच्या शेवटी.

त्या दिवशी खुर्चीचे व्यायाम नकोत, खाल्ल्यानंतरचं चालणं चालेल. मीटर दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. ७० च्या खाली आलं तर उपास तिथेच सोडायचा, हे काकूंकडून आदल्या रात्रीच कबूल करून घ्या. ऐन वेळी त्या ऐकणार नाहीत. आणि मीटरच्या पट्ट्या पुरेशा आहेत का, त्यांची तारीख उलटून गेली नाही ना, ते बुधवारी बघून ठेवा.